धुळ्याची एक फेरी वाचते, सगळ्या नाहीत : माजी सैनिकांसाठी मोबाईलवरचा दवाखाना नीट समजून घेऊ

म्हसावद (ता. शहादा), वार्ताहर

आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, १९९५ ला फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आता वय बहात्तर. बीपी आणि शुगर दोन्ही सोबतीला. त्यांच्या महिन्यातला एक दिवस गेली कित्येक वर्षं ठरलेला आहे, तो म्हणजे धुळ्याचा दिवस. पहाटे उठायचं, म्हसावदहून शहादा गाठायचं, तिथून धुळ्याची एसटी. सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडला की आप्पा पिशवीतलं कार्ड चाचपून बघतात. कार्ड विसरलं तर अख्खा दिवस पाण्यात. धुळ्याच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये नंबर, तपासणी, औषधं, आणि परत तोच रस्ता. घरी यायला दिवे लागलेले असतात. एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून खिशाला झळ कमी बसते, पण बहात्तराव्या वर्षी जाऊन येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, तोही गोळ्या आणायला, हे काही सोपं नाही.

आपल्या भागात असे आप्पा गावोगाव आहेत. कुणी सुभेदार, कुणी नाईक, कुणाच्या घरी फक्त वीरपत्नी किंवा पेन्शनवर असलेली विधवा माउली. मागच्या वर्षी एका लग्नात चार-पाच माजी सैनिक एकत्र बसले होते. विषय निघाला, "मोबाईलवर फौजेचा डॉक्टर भेटतो म्हणे." एक म्हणाला भेटतो, दुसरा म्हणाला सगळं थोतांड आहे, तिसऱ्याने मोबाईलच खिशातून काढला नाही. म्हणून ठरवलं की हा विषय एकदा सरळ भाषेत मांडायचा. आमच्याच घरात या फोनचा फायदाही झाला आणि एका पहाटे तो महागातही पडता पडता राहिला. दोन्ही सांगतो.

आधी कार्डाचं बघू

सगळ्याचं मूळ ईसीएचएस कार्डात आहे. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. त्याआधी पेन्शनवर आलेल्या जवानाला लष्करी दवाखान्यातच जावं लागायचं, आणि आपल्या बाजूला छावणी कुठे आहे? या योजनेत देशभर चारशेच्या वर पॉलिक्लिनिक उघडली गेली, आणि तिथून चिठ्ठी घेऊन योजनेशी जोडलेल्या खासगी दवाखान्यातही पैसे न भरता उपचार घेता येऊ लागले.

सभासद होताना पैसे एकदाच भरायचे असतात. शिपाई ते हवालदार पदापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये. जे १ जानेवारी १९९६ च्या आधी पेन्शनवर आले त्यांना ही रक्कम माफ आहे. आप्पा त्यातच बसले. तरी आपल्या भागात काही जुने फौजी अजून सभासद झालेले नाहीत. "मला काय झालंय" म्हणत राहिले आणि आता गुडघे बोलायला लागले. अशांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन डिस्चार्ज बुक आणि पीपीओ दाखवावं, पुढचा रस्ता तिथे सांगतात. एक लक्षात ठेवा, जे पेन्शनसोबत दर महिन्याचा वैद्यकीय भत्ता घेतात त्यांना सभासद झाल्यावर तो भत्ता मिळत नाही. दोन्ही हातात लाडू नाहीत.

मोबाईलवरचा दवाखाना म्हणजे ‘सेहत’

फौजेने सुरू केलेल्या या सेवेचं नाव ‘सेहत ओपीडी’. २७ मे २०२१ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते ती सुरू झाली. पण तयारी आधीपासून होती. ऑगस्ट २०२० पासून चाचणी चालू होती आणि उद्घाटनापर्यंत साडेसहा हजारांवर रुग्णांनी फौजेच्या डॉक्टरांचा सल्ला त्यातून घेतला होता. कोरोनाचा काळ आठवा. पॉलिक्लिनिकला जायची भीती, एसटी बंद, आणि बीपीच्या गोळ्या तर संपणारच. त्या अडचणीतून ही सोय आली.

ही सेवा उभी राहिली तेव्हा तिन्ही दलांच्या एकात्मिक मुख्यालयातल्या वैद्यकीय विभागाच्या प्रमुख लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर होत्या. त्याच पुढे आपल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. संगणकाची बाजू मोहालीच्या ‘सी-डॅक’ने सांभाळली. सर्वसामान्य जनतेसाठी असलेली ‘ई-संजीवनी’ही त्याच संस्थेने बनवलेली आहे. म्हणजे दोन्ही सख्ख्या बहिणी. एक सगळ्या जनतेसाठी, दुसरी फौजी घरांसाठी.

सेहत कुणासाठी? नोकरीत असलेला जवान, पेन्शनवर आलेला जवान आणि दोघांची कुटुंबं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे समज आहे की ही म्हाताऱ्यांची सोय आहे. मुलगा काश्मीरला किंवा आसामला ड्युटीवर, सूनबाई आणि लहान लेकरू इथे गावात, अशी घरं आपल्याकडे आहेत. त्या सूनबाईलाही हा दवाखाना चालतो.

फौजेला दुरून उपचार करणं नवीन नाही. सियाचीनच्या बर्फात हेलिकॉप्टर उतरत नसेल तर डॉक्टर काय करणार? म्हणून २०१८ मध्ये इस्रो आणि तिन्ही दलांच्या मुख्यालयात करार झाला, की उपग्रहाच्या मदतीने अशा ५३ ठिकाणी दूरवैद्यक केंद्रं उभारायची. जे सियाचीनला चालतं ते सातपुड्याच्या पायथ्याला का चालू नये, हा साधा प्रश्न आहे.

वापरायचं कसं

आमच्या घरी हे काम नातवाने केलं. तो अकरावीत आहे. पहिल्यांदा अर्धा तास लागला, दुसऱ्यांदा दहा मिनिटं. क्रम असा :

पहिलं, सेहत ओपीडीचं अधिकृत संकेतस्थळ किंवा ॲप उघडायचं. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली लिंक दाबायची नाही. पुढच्या वेळी पॉलिक्लिनिकला जाल तेव्हा तिथल्याच माणसाकडून मोबाईलमध्ये लावून घ्या, हे सगळ्यात उत्तम.

दुसरं, मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो. तो तिथे भरायचा. मग नाव, वय, त्रास काय आहे ते भरायचं. जुने रिपोर्ट किंवा चिठ्ठीचा फोटो असेल तर जोडायचा.

तिसरं, टोकन मिळतं. हे आपल्या ओपीडीच्या नंबरासारखंच. आपला नंबर आला की स्क्रीनवर डॉक्टर दिसतात.

चौथं, बोलणं झालं की डॉक्टर ई-प्रिस्क्रिप्शन देतात. ते मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचं आणि सीएससी केंद्रावर किंवा झेरॉक्सवाल्याकडे त्याची प्रिंट काढून फाईलला लावायची.

बोलायला बसण्याआधी चार गोष्टी जवळ ठेवा : चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शेवटचे रिपोर्ट, बीपी आणि शुगरची वही, आणि कागद-पेन. वहीचं महत्त्व फार आहे. आप्पांना घरात बीपीचं मशीन घेऊन दिलं. रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसून आकडा लिहायचा, तारीख टाकायची. फोनवरच्या डॉक्टरांना तुमची नाडी धरता येत नाही, त्यांच्यासाठी ती वहीच नाडी आहे. पहिल्याच वेळी डॉक्टरांनी सात दिवसांचे आकडे विचारले. वही होती म्हणून गोळीच्या वेळेत बदल करता आला. नसती तर "पॉलिक्लिनिकला जाऊन या" एवढंच ऐकायला मिळालं असतं.

उजेडाकडे तोंड करून बसा, उजेड पाठीमागे नको. पंखा, टीव्ही बंद. तोफखान्यात राहिलेल्या बऱ्याच जवानांना कमी ऐकू येतं, त्यांनी इअरफोन लावावा आणि शेजारी घरातलं एक माणूस बसवावं.

पानाचा फोटो आणि मुळाची कूज

डॉक्टर फोनवरून काय करू शकतात आणि काय नाही, हे शेतकऱ्याला एका उदाहरणात कळेल. पपईच्या पानावर मोझॅक आला तर आपण फोटो काढून कृषी सल्लागाराला पाठवतो. तो फोटो बघून सांगतो. पण झाड खालून सुकत असेल तर तो म्हणतो, "भाऊ, उकरून मूळ बघावं लागेल." डॉक्टरचंही तसंच. अंगावरचं पुरळ, जुन्या बीपी-शुगरचा आढावा, रिपोर्ट वाचून दाखवणं, औषधाचा डोस, पथ्य, सर्दी-खोकला, हे पानाचं काम. पोटाची गाठ, छातीतला आवाज, डोळ्यातला मोतीबिंदू, सुजलेला पाय, हे मुळाचं काम. तिथे हात लावून बघावंच लागतं.

सरकारने यासाठी २५ मार्च २०२० रोजी देशभराचे नियम काढले. लॉकडाऊन लागला तो हाच दिवस. त्या नियमांतल्या सामान्य माणसाने लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

एक, औषधांचे गट पाडलेले आहेत. साधी, बिनचिठ्ठीची औषधं डॉक्टर नुसत्या फोनवरूनही सांगू शकतात. काही औषधं पहिल्या भेटीत लिहायची तर व्हिडिओवर रुग्ण दिसायला हवा. काही औषधं फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच पुढे चालू ठेवता येतात. आणि नशा आणणारी, सवय लावणारी काही औषधं फोनवरून लिहायला पूर्ण बंदी आहे. म्हणून "झोपेची गोळी द्या साहेब" म्हटल्यावर डॉक्टर नाही म्हणाले तर रागावू नका, तो नियम आहे.

दोन, चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो नसेल तर ती चिठ्ठी कामाची नाही.

तीन, फोनवर भागेल की प्रत्यक्ष यावं लागेल, हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा आहे. मध्येच ते म्हणाले की आता दवाखाना गाठा, तर गाठायचा.

आता सगळ्यांचा खरा प्रश्न : चिठ्ठी मिळाली, पण गोळ्या कुठून? मोबाईलमधून गोळी बाहेर पडत नाही. औषधं पॉलिक्लिनिकमधूनच घ्यायची आहेत. म्हणून चिठ्ठी मिळाली की आधी आपल्या पॉलिक्लिनिकला फोन करा, ती औषधं आहेत का आणि घरच्या दुसऱ्या माणसाला कार्ड घेऊन पाठवलं तर चालेल का, ते विचारा. बाहेरच्या मेडिकलवरून घेतलं की पैसे परत मिळतीलच, असं धरून चालू नका. आधी विचारा, मग खरेदी करा. आमचा हिशेब असा झाला की धुळ्याच्या फेऱ्या बंद झाल्या नाहीत, पण मधल्या मध्ये "गोळीने चक्कर येते, काय करू" एवढं विचारायला जी फेरी व्हायची ती वाचली.

काकूंचं दुखणं कुणी सांगायचं

एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती लिहितो. सेहतवरचे डॉक्टर देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातले असू शकतात. बोलणं हिंदीत. आप्पांना त्याचं काहीच नाही, बावीस वर्षं फौजेत काढली, हिंदी मराठीपेक्षा साफ बोलतात. पण काकूंना घरची बोली सोडून दुसरं बोलायची सवय नाही. त्यांच्या वेळी फोनसमोर आप्पा बसले आणि काकूंचं दुखणं आप्पांनी सांगितलं. "कमर में दर्द है साब." डॉक्टरांनी कमरेचं औषध दिलं.

आठ दिवसांनी माझ्या बायकोला काकूंनी हळूच सांगितलं की दुखणं कमरेचं नाही, लघवीला जळजळ होते, ताप येऊन जातो. नवऱ्याच्या तोंडून, नातवासमोर, परक्या पुरुषाला हे कसं सांगायचं? मग दुसऱ्या वेळी माझी बायको शेजारी बसली, दार लावून घेतलं, नातवाला बाहेर पाठवलं. डॉक्टर तेव्हाही पुरुषच होते, पण बोलणं नीट झालं. त्यांनी लघवी तपासायला सांगितली आणि खरा आजार सापडला. त्यात डॉक्टरांची काही चूक नव्हती, जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. चूक आमची होती.

म्हणून माउल्यांच्या वेळी घरातली सून, मुलगी किंवा गावची आशाताई शेजारी असू द्या. आणि फौजी मंडळींनो, कडक हुकूम बाजूला ठेवून पाच मिनिटं खोलीबाहेर बसा.

ज्या पहाटे फोन उचलायला नको होता

आता ती पहाट. थंडीचे दिवस होते, गव्हाला पाणी द्यायचं होतं. लाईट रात्रीची. आप्पा हट्टाने शेतात गेले. चारच्या सुमारास परत आले ते छाती चोळत. "जळजळ होते, ॲसिडिटी आहे." एवढ्या थंडीत कपाळावर घाम. आधीचा अनुभव चांगला होता म्हणून नातवाने मोबाईल काढला. "डॉक्टरांना विचारू." त्या वेळी कुठली ओपीडी? स्क्रीनवरचं चाक फिरतंय, रेंज येते-जाते, आणि आम्ही सगळे त्या चाकाकडे बघत बसलोय. वीस मिनिटं गेली. शेवटी शेजारच्या जीपवाल्याने आप्पांचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "फोन ठेवा, गाडीत घाला."

शहाद्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक होता. पुढे मोठ्या दवाखान्यात स्टेंट पडला. आप्पा वाचले, आज ओट्यावर बसून हा लेख कुठवर आला ते विचारतात. पण तिथल्या डॉक्टरांनी एकच वाक्य ऐकवलं, की अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.

म्हणून ठळक अक्षरात समजा : छातीत दाब किंवा दुखणं, थंड घाम, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय गळणं, बोलता न येणं, शुद्ध हरपणं, साप चावणं, जोराचा मार, रक्त न थांबणं. यातलं काहीही असेल तर टोकन काढायचं नाही. १०८ लावा. ती गाडी फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने सगळ्यात जवळचा दवाखाना गाठा.

"पण चिठ्ठीशिवाय खासगीत गेलं तर ईसीएचएस पैसे देईल का?" ही भीती फौजी घरात असते, आणि तिच्यापायी वेळ जातो. नियम असा आहे : जीव धोक्यात असेल तर चिठ्ठीची गरज नाही. योजनेशी जोडलेला दवाखाना असेल तर कार्ड दाखवून दाखल व्हायचं, पॉलिक्लिनिकला कळवायचं काम तो दवाखाना करतो. दवाखाना जोडलेला नसेल तरी दाखल व्हा, फक्त ४८ तासांच्या आत आपल्या पॉलिक्लिनिकला कळवा. अशा ठिकाणी बिल आधी आपल्याला भरावं लागतं आणि नंतर कागदपत्रं देऊन मागणी करायची असते. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी गावातल्या एका सुभेदार साहेबांनी सांगितलं. दुपारी धुळ्याला फोन केला, वेळेत नोंद झाली. म्हणून पॉलिक्लिनिकचा नंबर आजच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, फक्त आप्पांच्या मोबाईलमध्ये नको. आप्पाच आजारी पडले तर त्यांच्या मोबाईलचं कुलूप कोण उघडणार? दाखल झाल्यापासूनचा प्रत्येक कागद, प्रत्येक पावती जपून ठेवा.

रेंज नाही तिथे काय

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान आले होते. कार्ड पहिलं आपल्याला मिळालं, पण तोरणमाळच्या वाटेला लागलं की फोनवरचे दांडे एकेक करून आजही कमी होतात. धडगावकडच्या पाड्यांवर जो माजी सैनिक राहतो त्याला व्हिडिओवर डॉक्टर भेटतो हे सांगणं म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटर बसवायला सांगणं.

त्याला दोन मार्ग आहेत. एक, गावच्या उपकेंद्रात म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात जाणं. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. इथला फायदा असा की बीपी, शुगर तिथेच मोजली जाते आणि उपकेंद्रात असतील त्या गोळ्या फुकट मिळतात. ही सोय सगळ्या जनतेची आहे, माजी सैनिकालाही आहे, आणि ती घेतली म्हणून ईसीएचएसचा हक्क जात नाही. उलट २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, फौजेतून निवृत्त झालेले डॉक्टर याच ई-संजीवनीवर बसून सामान्य जनतेला फुकट सल्ला देत होते. फौजेच्या डॉक्टरांनी गावाला हात दिला, तर गावच्या उपकेंद्राने फौजीला हात द्यायला काय हरकत आहे?

दुसरा मार्ग अजून आपल्याकडे नाही, पण मागण्यासारखा आहे. अमेरिकेत माजी सैनिकांचं वेगळं सरकारी खातं आहे. त्यांनाही हाच त्रास : दवाखाना शे-दोनशे मैलांवर, खेड्यात इंटरनेट नाही. तिथे २०१८ मध्ये नियम झाला की या खात्याचा डॉक्टर कुठल्याही राज्यात बसून दुसऱ्या राज्यातल्या माजी सैनिकाला फोनवर तपासू शकतो. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना खात्याने टॅबलेट वापरायला दिले. आणि काही गावांत माजी सैनिकांच्या संघटनेच्या सभागृहात एक बंद खोली केली. चांगलं इंटरनेट, कॅमेरा, खुर्ची, दार लावायची सोय. माणूस तिथे जातो, डॉक्टरांशी खासगीत बोलतो, घरी येतो.

अशी एक खोली आपल्याकडे फार खर्चाची गोष्ट नाही. ग्रामपंचायतीला इंटरनेट आहे, जागा आहे. आठवड्यातून एक सकाळ, एक बीपी मशीन, एक शुगरचं मशीन, एक आशाताई किंवा शिकलेला पोरगा. माजी सैनिकांनी एकत्र येऊन ग्रामसभेत मागणी केली, तर मला नाही वाटत कुणी नाही म्हणेल. गावात २६ जानेवारीला झेंडावंदनाला फौजीला पुढे उभं करतात, तर बाकीच्या दिवसांत एक खोली द्यायला काय जातं?

मनाचाही दवाखाना आहे

फौजी माणूस गुडघ्याचं सांगेल, मनाचं सांगणार नाही. झोप लागत नाही, रात्री दचकून उठतात, चिडचिड, एकटेपणा, मग कँटीनची बाटली जवळची वाटते. घरचे म्हणतात "फौजेतून आल्यापासून असेच आहेत."

यासाठी सरकारचा टेली-मानस हा फोन आहे. नंबर १४४१६. तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, सुरू करण्यात आला. याला व्हिडिओ लागत नाही, साधा बटणाचा फोन चालतो. शेतात, बांधावर, एकट्याने बसून बोलता येतं. ड्युटीवरच्या मुलाची काळजी लागून राहिलेल्या आईनेही लावायला हरकत नाही.

फसवणारे टपलेलेच आहेत

शेवटचं. ओटीपी आपण स्वतः ॲपमध्ये भरायचा असतो, फोनवर कुणाला सांगायचा नसतो. "मी पॉलिक्लिनिकमधून बोलतो, तुमचं कार्ड बंद होणार आहे, नंबर सांगा," असा फोन आला तर ठेवून द्या. पेन्शनच्या ‘स्पर्श’च्या नावानेही असे फोन येतात. सेहतवर सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. कुणी स्कॅनर पाठवून दहा रुपये जरी मागितले तरी समजा चोर आहे.

थोडक्यात

जुना आजार, रिपोर्ट, गोळ्यांची शंका : सेहत. रेंज नाही : उपकेंद्र आणि ई-संजीवनी. मन जड झालंय : १४४१६. छाती, लकवा, साप, अपघात : १०८, आणि ४८ तासांत पॉलिक्लिनिकला खबर.

हा कागद छापून भिंतीवर लावा. आमच्या घरी लावलाय, बीपीच्या मशीनच्या वर. आप्पांनी त्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे : "ॲसिडिटी समजू नये." पुढच्या आठवड्यात त्यांची धुळ्याची फेरी आहेच. पण या वेळी वही सोबत आहे, कार्ड माझ्या खिशात आहे, आणि मीही सोबत जाणार आहे.